तीस जणांना घेऊन माळावर, डोंगरावर पायी फिरायचे असेल तर आखणी कशी करावी? (बेळगाव, खानापूर, चंदगड परिसर)

पहाटफेरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज पहाटे फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींचा एक गट हळूहळू जमत गेला आणि आता महिन्यातल्या एका रविवारी शहराबाहेर पडून शिवारातून, माळावरून किंवा एखाद्या डोंगरावर पायी फिरून यावे असे आमचे ठरले आहे. गटात साधारण ३० जण आहेत. सर्वांत लहान मुलगा ९ वर्षांचा आहे आणि सर्वांत ज्येष्ठ काका ७१ वर्षांचे आहेत. किल्ले सर करण्याची किंवा वेळ लावून धावण्याची कोणाचीच इच्छा नाही. सकाळी निघावे, चार-पाच तास चालावे, बांधावर बसून भाकरी खावी आणि उजेडी घरी परतावे, एवढीच अपेक्षा आहे.

पहिला प्रयोग आम्ही श्रावणात केला आणि तो फसला, हे आधीच सांगून टाकतो. जांबोटी रस्त्याच्या बाजूला काजूच्या बागांमधून माळावर जाणारी एक वाट मी निवडली होती. वाट माझ्या माहितीची होती, पण तिच्यावरून मी शेवटचा गेलो होतो तो मार्चमध्ये. श्रावणात तिथे गवत कमरेपर्यंत आले होते. पोरे पुढे निघून गेली, मधली मंडळी फोटो काढत राहिली आणि गुडघेदुखीवाले मागे पडले. एका ठिकाणी पाणंद दोन बाजूंना फुटते. तिथे उजव्या फाट्यावर बैलगाडीची ताजी चाकोरी चिखलात उमटलेली दिसली, म्हणून मागच्या चौघांनी तोच फाटा धरला. माळावर पोहोचून डोकी मोजली तेव्हा कुठे आम्हाला ते समजले. फोनला रेंज नव्हती. चौघे सापडले ते दोन तासांनी, एका गोठ्याच्या पडवीत चहा पीत बसलेले.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी होती. एका कुंपणातले काट्यांचे कवाड आमच्यापैकी कोणीतरी उघडे टाकले आणि चार म्हशी रताळ्याच्या वेलात शिरल्या. आम्ही परतत असताना शेतमालक वाटेतच उभे होते. ते ओरडले नाहीत. तुडवलेल्या वेलाचा एक पुंजका त्यांनी माझ्या हातात दिला आणि “आता तुमीच सांगा,” एवढेच म्हणाले. भरपाई आम्ही दिली, पण गाडीत बसेपर्यंत तो पुंजका माझ्या हातातच होता, कारण तो टाकावा कुठे हेच मला सुचत नव्हते.

आता ऑक्टोबरपासून पुन्हा सुरुवात करायची आहे. राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड, कणकुंबी, पारगड आणि भीमगड अशी नावे यादीत आहेत. ही नावे कोणत्या क्रमाने घ्यावीत, एवढ्या मंडळींना एकत्र कसे ठेवावे आणि परवानगी कोणाकोणाची लागते, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

घाटवाट

चूक मोकळेपणाने सांगितलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. वाट आपल्याला माहीत आहे या समजुतीवर पुढाऱ्याने कधीही विसंबू नये, कारण आपल्या भागात एकच वाट वर्षातून तीन रूपे घेते. मार्चमध्ये जो उघडा कातळ असतो, तो ऑगस्टमध्ये शेवाळलेला असतो. ऑक्टोबरात ती जागा गवताखाली जाते आणि डिसेंबरात तिथे कापलेल्या भाताच्या पेंढ्या वाळत पडलेल्या असतात. म्हणून रेकी, म्हणजे आधी जाऊन वाट पाहून येणे, ही ठरलेल्या तारखेच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांतच झाली पाहिजे आणि ती दोघांनी केली पाहिजे. एकाने वाट पाहावी, दुसऱ्याने वहीत फाटे उतरवावेत: किती वाजता कोणता फाटा आला, तिथे ओळखीची खूण काय आहे, डावीकडचा रस्ता कुठे जातो. यात “मोठे झाड” अशी नोंद कुचकामी ठरते. “दोन खोडांचे नाण्याचे झाड, खाली शेंदूर लावलेला दगड” अशी नोंद असेल तर ती वही दुसऱ्याच्या हातात देऊनही चालते.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके पाहावीत. त्यांत २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीचे अंतर असते, त्यामुळे चढ किती आहे हे घरी बसून मोजता येते. फोनमधल्या नकाशावर वाट दिसते, पण ती शेतातून जाते की वनखात्याच्या हद्दीतून, हे त्यावरून कळत नाही.

वेळेचा हिशेब हा बहुतेक गटांचा कच्चा दुवा असतो. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम घालून दिला होता, तो आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. आपल्या मिश्र गटासाठी मी तासाला ३ किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला एक तास असे धरतो. वाट ९ किलोमीटरची आणि चढ ३०० मीटरचा असेल, तर नेस्मिथच्या हिशेबाने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात आणि माझ्या हिशेबाने चार. त्यात न्याहारी, पाणी, फोटो आणि चपलेचा अंगठा तुटणे (हे दर वेळी घडतेच) मिळून सव्वा तास घाला. म्हणजे तुमचा दिवस सव्वापाच तासांचा झाला. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सर्वांत मागचा माणूस चार वाजता गाडीपाशी असेल अशा बेताने उलटे मोजत सकाळची वेळ काढावी.

क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ऑक्टोबरात राजहंसगड घ्यावा. वरपर्यंत गाडीरस्ता असल्याने अनेकांना ती सहल वाटते, पण येळ्ळूरच्या शिवारातून पायी जाऊन गड चढलात तर मुलांना आणि काकांना सारखाच आनंद मिळतो. शिवाय कोणी थकले तर त्याला गाडीने खाली आणता येते. पहिल्या फेरीला ही सोय लाखमोलाची आहे. नोव्हेंबरात देवरवाडीहून वैजनाथाचे दर्शन घेऊन महिपाळगडावर जावे. गडावर गाव वसलेले आहे, त्यामुळे पाण्याची आणि माणसांची सोबत मिळते. पारगड जानेवारीसाठी ठेवावा. प्रवास लांबचा असला तरी पायऱ्यांची चढण बेताची आहे.

भीमगड मात्र यादीतून काढाच. त्या परिसराला डिसेंबर २०११ मध्ये वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे, बारापेडे गुहांमधल्या दुर्मिळ वटवाघळांसाठी तो जगभर ओळखला जातो आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय आत जाणे हा गुन्हा आहे. गावातल्या ओळखीच्या माणसाने “या हो, काही होत नाही” म्हटले तरी जाऊ नये, कारण दंड तुम्ही भराल आणि रोष त्या माणसावर येईल. अस्वल आणि गवा यांच्या जंगलात ३० माणसांचा गलबला नेणे मुळातच बरे नाही, हे आणखी निराळे.

बांधावरचा

मी स्वतः पश्चिम भागातला शेतकरी आहे, त्यामुळे म्हशींच्या प्रसंगात माझी सहानुभूती कोणाकडे आहे हे सांगायला नको. तरीही तुम्ही भरपाई देऊन आलात आणि इथे लिहिलेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

शहरातल्या माणसाला पायवाट दिसली की ती सार्वजनिक आहे असे वाटते. आमच्याकडे वाटा तीन प्रकारच्या असतात. गावनकाशावर दाखवलेली पाणंद किंवा गाडीवाट सर्वांची असते. दुसरी वहिवाटीची वाट. ती एखाद्याच्या जमिनीतून जाते आणि पलीकडच्या शेतवाल्याला तिथून जाण्याचा हक्क असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क सिद्ध होण्यासाठी २० वर्षांची अखंड, उघड आणि बिनतक्रार वहिवाट सांगितली आहे. पण तो हक्क त्या शेतवाल्याचा असतो, सहलीला आलेल्या मंडळींचा तो होत नाही. तिसरी वाट म्हणजे नुसता बांध. तिथून कोणी गेले तर आम्ही अडवत नाही, एवढेच. तुम्ही चालता त्या वाटांपैकी निम्म्याहून अधिक वाटा या तिसऱ्या प्रकारच्या असतात आणि दोन भावांत वाद चालू असेल तर ३० अनोळखी माणसांची रांग पाहून त्या वादालाही फाटे फुटतात.

तेव्हा रेकीला याल तेव्हा शेतात कोण काम करत आहे ते पाहा, थांबा, कोणत्या गावचे, कशासाठी आलात ते सांगा आणि “अमुक रविवारी इतकी माणसे इथून गेली तर चालेल का,” असे विचारा. मला आजवर असे विचारणारे दोनच गट भेटले आहेत. दोघांनाही मी पुढची अधिक चांगली वाट दाखवली. भाताची सुगी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. त्या दिवसांत खळ्यावर भात असते, बांधावर पेंढ्या असतात, आणि ज्या शेतातून ऑक्टोबरात सहज जाता येते तिथे पाय ठेवायला जागा नसते. काजूच्या बागेत मोहोर आल्यापासून मेपर्यंत अनोळखी माणूस दिसला की राखणदार आधी कुत्रे सोडतो आणि मग विचारपूस करतो. जमिनीवर पडलेली बी मुलांना खेळण्यासारखी वाटते, ती आमची वर्षाची कमाई असते.

कवाडाचा नियम साधा आहे. ते उघडे असेल तर उघडेच ठेवावे, बंद असेल तर बंद करावे, आणि बंद करण्याचे काम रांगेतल्या शेवटच्या माणसाचे असावे. काट्याचे कवाड नुसते ओढून चालत नाही. त्याला मागे एक दोरी किंवा वेताची कडी असते, ती खुंटाला अडकवावी लागते. तुमच्या माणसाने कवाड ओढले असेल आणि कडी लावली नसेल, अशीच शक्यता मला अधिक वाटते. म्हशीला तेवढे पुरते.

चरणशील

मी नोकरीनिमित्त काही वर्षे इंग्लंडात शेफील्डजवळ राहिलो आणि तिथल्या एका चालणाऱ्या मंडळाबरोबर जवळजवळ दर पंधरवड्याला डोंगरमाळ तुडवला. वरच्या प्रतिसादातला वाटांचा मुद्दा वाचून तिकडचा फरक प्रकर्षाने आठवला. तिथेही एकेकाळी माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद असत. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या पठारावर शेकडो सामान्य माणसांनी बंदी मोडून प्रवेश केला, त्यातल्या काहींना कारावास झाला, १९३५ मध्ये पायी फिरणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटा नकाशावर अधिकृतपणे नोंदवण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर आली. म्हणून तिकडचा माणूस शेतातून हक्काने जातो. आपल्याकडे तो आधार नाही, त्यामुळे विचारूनच जावे लागते, हे अगदी खरे. तिकडच्या पद्धती मात्र जशाच्या तशा उचलता येतील, आणि त्यांतली एक तुमच्या हरवलेल्या चौघांसाठीच जणू केलेली आहे.

आघाडीला एक माणूस आणि पिछाडीला एक माणूस, हे दोघे पक्के असतात. आघाडीच्या पुढे कोणी जायचे नाही आणि पिछाडीच्या मागे कोणी राहायचे नाही. आता वाटेत फाटा आला की आघाडीच्या लगेच मागे असलेला माणूस तिथे उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो. पिछाडीचा माणूस पोहोचला की फाट्यावर उभ्या असलेल्याची सुटका होते आणि तो पिछाडीच्या पुढे राहून चालू लागतो. पुढच्या फाट्यावर तेव्हा आघाडीच्या मागे जो असेल तो उभा राहतो. अशा रीतीने ३० जणांची रांग अर्ध्या किलोमीटरवर पसरली तरी एकाही फाट्यावर निर्णय घेण्याची वेळ कोणावर येत नाही. तुमच्या ताज्या चाकोरीच्या फाट्यावर एक मुलगा उभा असता तर चौघे उजवीकडे वळले नसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडते, मात्र त्यांच्याबरोबर एक मोठा माणूस ठेवावा.

पिछाडीला सर्वांत तरबेज माणूस द्यावा. आपल्याकडे उलटे होते: तरबेज माणूस पुढे पळतो आणि मागे राहतो तो बिचारा नुकताच आलेला पाहुणा. आणखी एक सवय मी तिथून आणली. एरवी आघाडीचा माणूस विश्रांतीला थांबला की मागचे येऊन पोहोचताच पुढचे उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. मागचा माणूस टेकल्यापासून पाच मिनिटे मोजायची, असा तिथे दंडक असतो.

निमंत्रणात नुसते “सोपी वाट” लिहू नये. किलोमीटर किती, चढ किती मीटर, पायाखाली काय आहे, सावली किती, मध्येच माघार घेता येईल अशी जागा आहे का, हे लिहावे. ज्याचे त्याला ठरवता येते आणि नंतर काकांना “तुम्ही येऊ नका” असे तोंडावर सांगण्याचा प्रसंग टळतो.

खानापूरची_ताई

मी आरोग्य क्षेत्रात काम करते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते.

जळवांना सगळे घाबरतात. त्या त्रासदायक असल्या तरी धोका गोचिडांचा आहे. माकडताप म्हणून ओळखला जाणारा क्यासनूर अरण्यरोग १९५७ मध्ये आपल्याच राज्यातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम लक्षात आला आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तो चोर्ला घाटापलीकडच्या सत्तरीत आणि दोडामार्ग भागातही आढळला आहे. गोचिडांची लहान अवस्था डिसेंबर ते मे या काळात पाचोळ्यात अधिक असते, म्हणजे नेमकी तुमच्या भटकंतीच्या हंगामात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पॅन्ट मोज्यात खोचावी, पाचोळ्यावर थेट बसू नये आणि घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिला तेल लावणे, काडीने डागणे हे प्रकार करू नयेत. वाटेत मेलेले माकड दिसले तर तिथून मागे फिरावे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. सहलीनंतर आठवडाभरात जोराचा ताप आणि डोके, अंग दुखू लागले तर डॉक्टरांना “मी अमुक जंगलात गेलो होतो” हे आवर्जून सांगावे. रुग्ण हे सांगत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव आहे.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर भरून येतात. उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) दुपारी एकनंतर थांबू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून लगेच खाली उतरावे. एकट्या झाडाखाली जमू नये. गडाच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात, तेव्हा अत्तर, उदबत्ती, फटाके आणि ड्रोन यांना मनाई करावी. महिपाळगडासारख्या ठिकाणी देवळात उदबत्ती लावावीशी वाटते. ती गाभाऱ्यातच लावावी.

पाणी थंडीत प्रत्येकी २ लिटर आणि फेब्रुवारीनंतर ३ लिटर. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी: मदत हवी असेल तर मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर शांतता. रेंज नसलेल्या माळावर हाक जितकी जाते त्याच्या कितीतरी पट शिट्टी जाते.

शिनोळी_फाटा

एक व्यवहाराची गोष्ट कोणी लिहिली नाही. वैजनाथ, महिपाळगड, पारगड ही ठिकाणे चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतात. भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर कर्नाटकाची असेल तर तिच्याकडे पलीकडे जाण्याचा परवाना आहे का, हे ठरवतानाच विचारावे, नाहीतर नाक्यावर अर्धा तास आणि वर दंड असे दोन्ही जातात. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही बाजूंच्या बस अचानक बंद होतात, हेही आपल्याला नवीन नाही. म्हणून परतीचा भरवसा बसवर ठेवू नये. खानापूर बाजूला वनखात्याकडे अर्ज करायचा असेल तर तो कन्नडमध्ये लिहून न्यावा. बोलणे मराठीत होते, कागद मात्र कन्नडमध्ये असला की लवकर पुढे सरकतो.

संख्येविषयी माझे मत वेगळे आहे. ३० ही संख्याच मुळात जास्त आहे. पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या करा.

पहाटफेरी

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद छापून मी पहाटेच्या मंडळींना वाचून दाखवले. पंधराच्या दोन तुकड्यांचा प्रस्ताव मात्र मंजूर झाला नाही, एकाहत्तरीच्या काकांनी “मग मी कोणत्या तुकडीत, सावकाशवाल्यांच्या ना?” असे विचारले आणि विषय तिथेच संपला. एकच रांग राहील, पण आघाडी आणि पिछाडी ठरलेली असेल आणि प्रत्येक फाट्यावर माणूस उभा राहील, असे ठरले आहे. पिछाडीला मी स्वतः राहणार आहे, त्यामुळे कवाडाची कडीही माझ्याकडेच आली.

भीमगड यादीतून काढला आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचे देऊळ एवढेच पाहावे, सड्यावरच्या फुलांत शिरू नये, असे वाटते. ते पुढच्या सप्टेंबरात पाहू. ऑक्टोबरच्या राजहंसगडाची रेकी येत्या रविवारी आहे. त्याच दिवशी आम्ही दोघे जण जांबोटी रस्त्याच्या त्या शेतमालकांकडेही जाऊन येणार आहोत. त्यांची सुगी कधी आहे ते विचारायचे आहे. त्यांनी हो म्हटले तर डिसेंबरची फेरी त्यांच्या बांधावरून, नाहीतर पाणंदीनेच.

बांधावरचा

रविवारी सकाळी जाऊ नका, बाजाराचा दिवस असेल तर ते भेटायचे नाहीत. चारनंतर जा. आणि भाकरी घेऊन गेलात तरी ती त्यांच्या खळ्यावर बसून खा, रस्त्यावर नको.